बिन

मोडीत आधी रेघ ओढतात,
मग तिला अक्षरं टांगतात,
दोरीवर धुणं वाळत घालावं तशी.
तीस वर्षं मी ही धुणी उतरवते आहे
कोल्हापूरच्या पुरालेखागारात,
डांबरगोळ्यांच्या वासात.

दिलावर मर्जाने उद्यमनगरातून आले,
मोटारी रिवाइंड करतात,
बोटांना वार्निशचा तांबूस थर.
"खापरपणजाचं कायतरी गावतंय का बघा की बाई,
दाखल्याला पुरावा मागत्यात."

चौथ्या दिवशी गावलं.
शके सतराशे चौपन्न,
जमादार सालेह बिन उबैद, शिबंदी अरब,
मयत. मालमत्तेची याद:
घोडी दुलारी, एक.
जंबिये दोन, पैकी एकाची मूठ मोडकी.
हुक्का चांदीचा.
हबशी मर्जान, वर्षे अदमासे अकरा,
किंमत रुपये नव्वद.

मर्जान म्हणजे पोवळं.
दुसऱ्या यादीत जाफरान आहे, याकूत आहे.
किनाऱ्यावर पकडलेल्या पोरांना
पेटीतल्या जिनसांची नावं देत,
म्हणजे मोजायला सोपं.

मग तेरा वर्षांनी एजन्सीचं पत्र:
माणसांची खरेदी-विक्री येथून पुढे बंद.
आहेत त्यांस तूर्त हलवू नये.
'तूर्त' या शब्दावर कारकुनाची शाई दाट झाली आहे.
तो तिथे थांबला असावा,
किंवा नुसताच टाक बुडवून आला असेल.

त्यानंतर सुटका सुरू झाली, सदरा-सदरांतून.
एका साली 'गुलाम' खोडून 'खासगीकडील चाकर'.
पुढच्या साली 'पोटावारी'.
मग 'जुना माणूस'.
माणूस तोच, ओसरी तीच,
पगाराचा रकाना कोरा.
मुंबईच्या बंदरात गोरे कप्तान
अरबांची गलबतं अडवून साखळ्या मोजत होते म्हणे;
इथे साखळी नव्हतीच,
दोन वेळची भाकरी होती,
आणि ती तोडायला कुणाकडे फर्मान नव्हतं.

थांबा, अरबांवर बोट ठेवून रुमाल बांधू नका.
त्याच गाठोड्यात, चार कागद खाली,
आपल्याच एका घरची कुणबीण आहे, सगुणी,
लेकीच्या आंदणात दिलेली,
गाय आणि तांब्याच्या घंगाळाच्या मधोमध.
तिला शोधत अजून कोणी आलेलं नाही.

मर्जानचा एक अर्ज सापडला. एकच.
'मी कोणाचा, हे सरकारांनी लिहून द्यावे.'
खाली शेरा: विचार करून कळवू.
सात वर्षं विचार झाला.
मग हुकूम: नाव यादीतून कमी केले.
सुटकेच्या चिठ्ठीवर कारकुनाने रिवाजाप्रमाणे लिहिलं,
मर्जान बिन
आणि पुढे जागा सोडली.

आपल्याकडे बिन म्हणजे अमक्याचा मुलगा.
आपल्याकडेच बिन म्हणजे वाचून,
बिनभाड्याचं, बिनबुडाचं.
कोणतं लिहायचं होतं त्याला,
हे मोडी सांगत नाही. मोडीत विरामही नसतो.

दिलावरभाई यादीवर वाकले.
"घोडीला किती लावल्यात?"
"एकशे वीस."
ते हसले. मग त्यांनी विचारलं,
"तिला बी नाव हाय न्हवं?"
आहे, मी म्हटलं. दुलारी.
"चांगलं हाय," म्हणाले, आणि बराच वेळ
खिडकीतून टाउन हॉलच्या बागेकडे बघत राहिले.

पुराव्याला हीच याद लागणार होती.
मर्जान होता, हे सांगणारा
दुसरा कागद शहरात नाही.
मी देवनागरीत उतरवलं, शिक्का मारला:
खरी नक्कल.
फी वीस रुपये.
त्यांनी पन्नासची नोट ठेवली,
घडी खिशात घातली, टेस्टरशेजारी,
आणि सुट्ट्यांना न थांबता गेले.

तीस रुपये मुठीत घेऊन
मी भाऊसिंगजी रोडपर्यंत धावले.
स्कूटर निघून गेली होती.

संध्याकाळी वहीत जमा लिहिले.
कोणाकडून, ते लिहिलं.
कशाबद्दल, तो रकाना
अजून भरलेला नाही.