टाकीचं इतिवृत्त

पंचाहत्तर वर्षं झाली, इतिहास लिहा, म्हणाले पाळक,
एका पानात बसवा, छपाई महाग झालीय.
म्हणून ट्रंक उघडली.
तीन नोंदवह्या, त्यातली एक वाळवीने वाचलेली,
आणि हार्मोनियमच्या भात्याची पावती, रुपये अकरा.

पहिल्या पानावर नऊ नावं,
सहा जण गिरणीच्या रंगखात्यातले.
शिवडीच्या खाडीत मांडीपर्यंत चिखल,
भरती आणि सुट्टी एका दिवशी येईना,
तेव्हा मुकादमाने रविवारी एक हौद दिला.
घासला, तीनदा धुतला, तरी
शद्रख उबाळे पाण्यातून वर आले ते
कानामागे निळे.
बायको म्हणाली, जुना माणूस बुडाला म्हणता,
मग हा डाग कुणाचा?

नंतर काळाचौकीत खोली, पिठाच्या चक्कीमागे.
चक्की रविवारीही चालायची.
प्रार्थनेला डोळे मिटले
की पापण्यांवर ज्वारी.
व्यासपीठाच्या फळ्यांखाली टाकी बांधली,
खोली साडेतीन फूट,
कारण तिथे सिमेंट संपलं.
येशुदास रणदिवे सहा फुटी,
गुडघे टेकूनच बुडाले.

फूट दोनदा पडली.
एकदा शिकवणुकीवरून, त्यावर चार पानं आहेत.
एकदा किल्लीवरून, त्यावर एक ओळ:
"सहा कुटुंबे आजपासून येत नाहीत."
त्यापुढे अक्षर बदललेलं.

मग ते टंचाईचं वर्ष.
नळ आठ दिवस कोरडा,
आमची टाकी काठोकाठ,
रविवारी तिघांचा बाप्तिस्मा.
चाळ दारात उभी, हातात बादल्या,
कुणी काही बोलेना.
याच लोकांनी आमच्या घागरी
रांगेत शेवटी सारल्या होत्या,
येशू घेतला तरी.

ठराव: पाणी द्यावे.
बाजूने अकरा, विरोधात एक.
मार्थाबाई ओव्हाळ यांचे म्हणणे नोंदवले:
"द्या. पण तोंडाने मागू दे."
मागितलं का, ते लिहिलेलं नाही.
पुढच्या आठवड्याची नोंद एवढीच:
"बाप्तिस्मे पुढे ढकलले.
पितळी तांब्या एक, शेजारी गेला, परत आला नाही.
मागू नये असे ठरले."
खाली सूचक म्हणून सही,
मार्था ओव्हाळ, थरथरती, मोडीसारखी.

आता दिव्याहून येतात, बदलापूरहून,
पाऊस नसला तर एकवीस डोकी.
टाकीत घडीच्या खुर्च्या असतात.
ईस्टरला केझिया उतरायची होती म्हणून काढल्या,
तर तळाशी पिठाचा थर, दगडासारखा.
बिल्डरचा माणूस फीत घेऊन आला होता.
फळी उचलली, वाकून पाहिलं,
म्हणाला, हे क्षेत्रफळात धरत नाहीत.

मजकूर एका पानावर गेलाय, मला दिसतंय.
काय गाळायचं ते पंचांनी ठरवावं.
रणदिव्यांचे गुडघे गाळा, किल्ली गाळा,
हवं तर निळा कानही.
तांब्या गाळणार असाल
तर खाली माझं नाव नको.