पट्टी

मतदानाचा शनिवार, त्यात आर्विड्सचा अंत्यविधी.
कुल्दीगाच्या चर्चमध्ये ऑर्गनची एक पट्टी
खाली गेली ती वर येईना.
पाद्री क्षमेवर बोलताहेत, मागे तोच सूर, हटून.
स्काईद्रितेला हसू आवरेना.

चर्चला कोण येतं, याची तो यादी ठेवायचा, त्या काळी.
यादीत मी होते.
वाजवते, पण मानत नाही, हे त्याला कुठं ठाऊक?

शेवटी नळीच उपसली, मांडीवर घेतली.
बुडाशी टेकण म्हणून कुणी खुपसलेली घडी:
जुनी मतपत्रिका. एकच नाव.

जन्मभर ज्याची त्याची री ओढली मी.
मग शाळेत, रांगेत, बोटांना शिशाचा वास,
नळी अजून काखेत.
पुढचा म्हणाला, बाई, हे काय?
म्हटलं, फुंकून बघा.