ह्ये आर्सिकेऱ्याला

गणपती पेठेत पाटीवाली म्हणाली, उद्या होतील ताई,
डोळे बघा की कसे उघडलेत.
मी डझनभर घेतली
आणि रिक्षात प्रत्येक खड्ड्याला
पिशवी हवेत उचलत घरी आले.

लेंगऱ्याच्या माळावर, बांधाच्या दगडांत
कुणीच न लावलेली सीताफळं होती आमची.
पाणी नव्हतं. म्हणून माणसं सोनं गाळायला गेली,
कुणी अमृतसरला, कुणी गुवाहाटीला,
अण्णा कोइमतूरला,
दहा बाय आठच्या खोलीत
भट्टी, मूस, तेजाबाची बरणी,
आणि पोटमाळ्यावर आम्ही चौघं.

दिवाळी सरली की परत निघायचो.
पत्र्याच्या ट्रंकेत खाली कपडे,
त्यावर बाजरीचं सरमाड,
त्यावर कच्ची फळं, देठ वर करून, शहाण्यासारखी बसलेली.
आईची धपाटी वेगळ्या फडक्यात.
विट्यातनं एसटी, मिरजेतनं रेल्वे.

गाडी हलली की अण्णा ट्रंक उघडत.
एकेक फळ अंगठ्यानं हलकं दाबत आणि सांगत,
ह्ये बेळगावला.
ह्ये दोन हुबळीला.
आन् ह्ये आर्सिकेऱ्याला, तवर कुणी हात लावायचा न्हाई.

मी भूगोल असा शिकले.
हुबळी म्हणजे गोड, पण जरा रवाळ.
बेळगावला कधीकधी घाई व्हायची, साल निघायचं नाही.
आर्सिकेरे पहाटेच्या अंधारात यायचं.
चहावाला कन्नडमध्ये ओरडायचा
आणि आम्ही तोंड न धुता,
शालीतून हात बाहेर काढून
फळाचे दोन भाग करायचो.

डबाभर वास सुटायचा.
अण्णा मला विचारत, सुटला का गं?
मला वाटायचं, परीक्षा घेतायत.
सुटला, मी सांगायची, ऐटीत.

कोइमतुरात शेवटची दोन पोन्नम्माळला.
ती सीताप्पळम म्हणायची,
तिच्या तोंडात फळ थोडं टणक व्हायचं.
बिया मी आणि माझा भाऊ, अधिक, धुऊन ठेवायचो.
जुन्या तराजूत तोलायचो, गिऱ्हाईक-गिऱ्हाईक खेळायचो.
तोळ्याला अडतीस बसायच्या.
अधिक नेहमी एक कमी घालायचा.
आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, सेलमला.

बारावीला होते तेव्हा आई बोलली,
मेथी निवडता निवडता,
लाइट बिल भरायचं राहिलंय अशा आवाजात,
की तेजाबाच्या धुरानं ह्यांचं नाक
तू व्हायच्या आधीच नेलंय.
मी म्हणाले, मग फळं?
ती म्हणाली, बोटानं.
आणि काड्या उचलून टोपलीत टाकल्या.

अण्णा आता माझ्याकडे असतात, विश्रामबागेत.
आई नाही. ट्रंक गच्चीवर, तिच्यात कुंडीची माती.
आज पिशवी पुढ्यात ठेवली तर
चष्मा न लावताच एकेक घेतलं हातात.
नख खाल्लेला, पिवळट पडलेला तो अंगठा
डोळ्यांवरून फिरला, थांबला.
मी म्हणाले, पाटीवाली म्हणाली उद्या होतील.
तिला काय कळतंय, अण्णा म्हणाले.
ही चार हुबळी.
ही दावणगेरे.
ह्ये एक आर्सिकेऱ्याला.
बाकीची तांदळाच्या डब्यात घाल, बेंगलोरच्या पुढची हायती.

मी हसले. भांडी घासली. झोपले.

रात्री कधीतरी खांद्याला हात लागला.
खिडकीबाहेर मिरजेकडं जाणारा एक ट्रक,
बाकी सगळी सांगली गप्प.
अण्णा हातात फळ घेऊन उभे,
स्वेटर उलटा घातलेला.
ऊठ, म्हणाले, आर्सिकेरे आलं.

आम्ही ओट्याशी उभ्यानंच खाल्लं.
अर्ध्यात त्यांनी विचारलं, सुटला का गं?
सुटला, मी म्हणाले,
आणि बी थुंकायला सिंककडं वळले,
जरा जास्तच वेळ.