सोपं गाणं

"एकदम सोपं आहे काका, पाच सुरांत बसतं,"
सुनेत्रा म्हणाली. वय एकोणीस.
विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर तिचा क्लास.

मी मार्केट यार्डात हळदीचे सौदे पुकारतो,
एकतीस वर्षं.
हळद गळ्याला चांगली म्हणतात.
मी तर श्वासातनं घेतली, पोत्यापोत्यानं,
आणि आवाज हा असा,
फरशीवरनं पत्रा ओढल्यासारखा.

गाणं जुनं, पॉप. तेव्हा
यार्डासमोरच्या कॅसेटच्या टपरीवर दिवसभर वाजायचं
आणि मी हमाल गोळा करत पळायचो.
हजारदा ऐकलं असेल, नेहमी अर्धंच.

पहिली ओळ वर चढते. ती लगेच आली.
चढणं माझ्या अंगातच आहे:
बारा हजार, बारा-शंभर, बारा-दोनशे...
दुसरी ओळ उतरते.
तिथं मी अडतो.

"उतरा काका, हळू. घाई कुणाला आहे?"

भाव उतरताना
माल घेऊन समोर उभा असलेला माणूस
कसा बघतो,
हे या पोरीला काय सांगू.

काल सव्वाआठला, खाली शटर अर्धं ओढल्यावर,
उतरलो एकदाचा.
शेवटचा सूर जरा खालीच लागला, डगमगला,
पण टेकला.
सुनेत्रानं पट्टीवरचं बोट काढलंच नाही.

खालून झेरॉक्सवाला ओरडला,
"कोण हाय रं वर?"

मी, बाबगोंडा.
थांब, परत म्हणतो.