मिस्टर किणी

वतय्याच्या त्या शोरूममध्ये शिरलं
की घाम अंगावरच गोठतो.
खजूर पुढे येतो. कहवा येतो, इवल्या कपात,
पुन्हा येतो, पुन्हा.
कप जरासा हलवायचा म्हणजे ‘पुरे’,
एवढं अकरा वर्षांत मस्कतने शिकवलं.
गाडीच्या भावाला ‘पुरे’ म्हणायला काय हलवायचं
ते नाही शिकवलं.

शिनोजचा पहिला प्रश्न : “सर कधी येतील?”

सर निझव्याला, साइटवर.
सरांना गाडी येत नाही.
रिव्हर्स नुसतं म्हटलं तरी सरांचे तळवे भिजतात.
लायसन माझं, चौथ्या खेपेला मिळालेलं,
भर उन्हात पिंपांच्या मधून मागे मागे जात,
एकाही पिंपाला न शिवता.
पगार माझा. रुवीच्या लॅबमध्ये
लोकांची रक्तं तपासून साठवलेला.

“हो हो, मॅडम,” म्हणाला
आणि माहितीपत्रक ठेवलं
माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर.

रंग मला मोरपंखी हवा होता.
चौथ्या पानावर होता, चांगला पानभर.
“तो मागवावा लागेल. पांढरी उद्या देतो.”
बाहेर पांढऱ्यांची रांग,
सुतकाला जमल्यासारखी.
मागवा, म्हटलं.

पाटीवरची किंमत पाटीपुरतीच.
काचा काळ्या करायचे पंच्याऐंशी रियाल,
रंगावर कसलासा लेप, एकशे वीस,
पायपुसण्या, आग विझवायचा डबा,
आणि ‘इतर’ नावाचा एक आकडा
जो विचारलं की नुसता हसायचा.
हे सगळं नको असेल तर?
“आधीच बसवलंय, मॅडम.”
गाडी तेव्हा जहाजात होती.

काचेपलीकडे मॅनेजर.
शिनोज माझा आकडा घेऊन आत जाई,
दोघे खो खो हसत,
बाहेर येताना याचं तोंड असं
की आत कुणीतरी गेलंय.
“तुमच्यासाठी दहा रियाल सोडले.”

जूनमध्ये गाडी समुद्रात.
जुलैत सोहारला.
ऑगस्टमध्ये सोहारलाच.
“रविवारी नक्की, इन्शाल्ला.”
रविवार चुकले नाहीत, वेळेवर येत होते.

मग कागद अडले.
मंदाकिनी नावाचे कुणीतरी दोन तुकडे केले होते :
नाव मंदा, आडनाव किणी.
शेवडे कुठल्या कुठे.
मी ओळखपत्र दाखवलं, पासपोर्ट दाखवला,
टेबलापलीकडचा माणूस मान हलवत राहिला :
“पण कॉम्प्युटरात तुम्ही किणी आहात.”
सत्तावीस दिवस मी किणी होते.

ऑक्टोबरात मिळाली.
पांढरी.
मोरपंखीचं नाव त्यांनी काढलं नाही.
मीही नाही. दमले होते.

बॉनेटवर लाल फीत, हात पुरणार नाही एवढी.
केक होता. त्यावर क्रीमने लिहिलेलं :
अभिनंदन, मिस्टर किणी.
फोटो काढला. त्यात मी केकच्या डावीकडे.

चावी देताना शिनोज घुटमळला,
मॅनेजरकडे पाठ करून हळूच म्हणाला,
“मॅडम, त्या पिंपांचं कसं जमवलंत?
मी तीनदा पाडलीत.”

म्हणजे इतके महिने मला गाड्या दाखवणारा हा
संध्याकाळी रस्त्यावर हात करून
टॅक्सीत चौथा बसून घरी जातो.
राग आला होता तो कुठे ठेवावा कळेना.
म्हटलं, पिंपाकडे बघायचं नाही.
मधल्या जागेकडे बघायचं.

फाटकाबाहेर आले तोच समोर दिवा पेटला, पिवळा.
एवढे लेप, एवढे डबे,
आणि टाकीत पेट्रोल घोटभर.
सीटचं प्लॅस्टिक पाठीला चिकटलेलं,
मागून हॉर्न,
फीत आरशाला अडकून फडफडते आहे,
आणि मी उजव्या लेनमधून
भाजी शोधावी तशी पंप शोधते आहे.

पंपावर एक पोरगा धावत आला.
शेजारची सीट रिकामी होती.
त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
माझ्या खिडकीशी वाकला :
“कितीचं टाकू?”

जूनपासून कुणी
मला
सरळ विचारलेली पहिली गोष्ट.

फुल, म्हटलं.