गोड पाणी

माझ्या बापाचं नाव किम-त्सुआन.
म्हणजे सोन्याचा झरा.
नावाला जागायचं म्हणून की काय,
बेमेनच्या किनाऱ्यावर त्यानं अकरा विहिरी पाडल्या,
बांबूला बांबू जोडत तीनशे हात खोल.

वरचं पाणी खारट. मिठागरांचंच गाव ते,
रताळं उकडलं तरी समुद्राची चव यायची.
पहिल्या विहिरीला पाणी लागलं
तेव्हा हाय-सिंग काकानं ओंजळ तोंडाला लावली,
मिशा पुसत ओरडला, "गोड आहे रे!"
त्या रात्री आमच्याकडे दूधमासा शिजला, शेजाऱ्यांसकट.

काही वर्षांनी काकाच्या पायाला मुंग्या.
मग अंगठा गार.
मग काळा, चुलीत विसरलेल्या रताळ्यासारखा.
म्हातारे म्हणाले, काळा सुका साप चावला.
साप कुणी पाहिला नव्हता.
तरी आईनं उंबऱ्याबाहेर चुना ओढला.

गुडघ्याखाली कापला त्याचा पाय.
रात्री नसलेली बोटं खाजवायची त्याला,
"जरा खाजव गं," म्हणायचा,
आणि मी हवेत खाजवायचे.
तेरा वर्षांची होते. त्याच्या पट्ट्या उकळायचं काम माझं.
कुठल्या पाण्यात, ते सांगायला नको.

नळ आला तेव्हा बापानं
आपल्या हातानं विहिरी बुजवल्या.
दहा एका दमात.
अकरावीच्या काठावर बसून राहिला,
अंधार पडेपर्यंत,
मांडीवर एक दगड घेऊन.
पुढे तो खोकत गेला.
आम्ही खाऱ्या वाऱ्याला दोष दिला
आणि संपलं म्हणालो.

पाणी मुरत होतं.

आज ताइनानच्या इस्पितळात
एक कोवळी डॉक्टरीण माझ्या मूत्राशयाचा फोटो
उजेडाला लावते.
"सिगारेट?"
कधीच नाही.
"घरात कुणी ओढायचं?"
बाप. अंगणात.
"जन्म कुठला?"
बेमेन.
तिचं पेन थांबतं.

ती कागदावर दोन गोल काढते,
एकात धमनी, एकात गाठ,
आणि दोन्हींकडे जाणारे बाण
एकाच ठिपक्यापासून.
बाई, ठिपका कशाला काढता,
मी त्याची बादली उचललीय,
डोक्यावर, सात वर्षं, दिवसातून चार खेपा.

काकाच्या पायात ते घाईनं शिरलं,
रक्ताची वाट बुजवून बसलं.
माझ्याकडे मात्र भाडेकरूसारखं राहिलं,
आवाज नाही, तक्रार नाही,
पन्नास वर्षं.
एकाच घोटाला दोन स्वभाव कसे,
की घाई काकाचीच होती?
तो सगळंच पटकन करायचा. हसणंसुद्धा.

बापावर रागवावं म्हणते.
जमत नाही.
तहान खरी होती.

नर्स पेला ठेवून जाते,
"तपासणीआधी लिटरभर प्या, आजी."
मी पेला खिडकीकडे धरते.
आरपार दिसतं, पलीकडची स्कूटरसुद्धा.
तेव्हाही दिसायचं.

पिते.
गोड आहे का रे, काका?
जिभेला काही कळत नाही.