अकरा वायरी उरल्या

शारजाच्या सनैयात, सहा नंबरला,
रात्री साडेदहालाही पत्रा हात लावू देत नाही.
हुमैदची पॅट्रोल बोनेट उघडून उभी,
पोटात परक्या कंपनीचं इंजिन.
झरगुलने दोन दिवस वेल्डिंग मारून ते बसवलं,
हातमोजे काढले, म्हणाला,
माझं काम लोखंडाचं होतं, उस्ताद,
आता तू जाण आणि तुझे हे केस जाणोत.

केस म्हणजे गुंता.
जपानहून गाडी अर्धी कापून येते,
कापणाऱ्याला घाई, तो ग्राइंडर फिरवतो,
आणि इंजिनाचा मेंदू
वीतभर वायरींसकट माझ्या मांडीवर येतो.
जेवणाच्या डब्याएवढा. ॲल्युमिनियमचा.
कोपऱ्यावर कुणाच्या तरी बुटाचा ठसा.

नकाशा आहे, झेरॉक्सची झेरॉक्स.
अक्षरं जपानी, रंग तेवढे वाचता येतात.
काळीवर पिवळी रेघ: बॅटरी, गाडी झोपली तरी ही जागी.
काळीवर लाल: चावी फिरल्यावरच.
तपकिरी ती सेन्सरची अर्थिंग,
ही सोवळ्यातली;
बॉडीच्या अर्थिंगला शिवली की सगळे आकडे बाटले.

हे मला कुणी शिकवलं नाही.
इचलकरंजीत तात्या वहिफणी करायचे.
मी बीमच्या पलीकडे बसून सूत द्यायचो,
ते आकड्याने ओढायचे
वहीच्या डोळ्यातून, मग फणीच्या घरातून,
चार हजार सुतं, आणि तोंडातून शब्द नाही.
एक सूत शेजारच्या डोळ्यात गेलं
की सबंध ठाणभर रेघ धावायची.
मालक उलगडून बोट ठेवायचा.
शनिवारी पाकिटातून तेवढे कमी.
त्या मोजण्याला कंटाळून मी पळालो.
तर इथे ऐंशी पिना.

या मेंदूला जुनी गाडी आठवते.
गिअरबॉक्स कुठे, विचारतो,
जो कुठल्या यार्डात गेला कुणास ठाऊक.
मागचा सेन्सर कुठे?
तिथे चार आण्यांचा रेझिस्टर टाकायचा
आणि सांगायचं, आहे, आहे, जागेवर आहे.
तो मानतो.
शुक्रवारी कुंदा फोनवर विचारते
जेवण, झोप, दम्याचं औषध.
आहे. आहे.

दीड वाजता चावी.
स्टार्टर फिरतो, फिरतो,
इंजिन हूं की चूं करत नाही.
डॅशवर दिवा लुकलुकतो: एकदा.
थांबतो.
दोनदा.
बारा नंबर. म्हणजे
खाली काही फिरतंय का?
वर तर काहीच कळवलेलं नाही कुणी.

हुमैद टायरवर बसून कॉफी ओततो, विचारत नाही.
झरगुल पुठ्ठ्यावर झोपलाय,
त्याच्या घोरण्याला टायमिंग आहे, माझ्या इंजिनाला नाही.
मी पुन्हा पहिल्या पिनेपासून.
सोळा. सतरा. कनेक्टरपाशी टॉर्च दातात धरतो
आणि दिसतं:
पांढरी वायर उष्णतेने इतकी पिवळी पडलीय
की मी तिला दुसरीच समजलो.
क्रँकच्या दोन वायरी उलट.
शेजारच्या डोळ्यात गेलेलं सूत.
तात्या असते तर नुसते खाकरले असते.

कापल्या, फिरवल्या, डाग दिला,
नळी चढवून लायटरने आवळली.
पंपाचा रिले टक् म्हणाला,
मग एक खोकला,
मग सगळा पत्रा थरथरायला लागला,
झरगुल उठून पश्तूमध्ये काहीतरी ओरडला,
शिवी असेल, दुवा असेल.

पहाटे आवरताना मोजल्या:
अकरा वायरी उरल्या.
उजव्या दाराचा दिवा असेल त्यात,
कुणाच्या सीटची ऊब असेल,
थंड गावची गाडी होती ती.
कापून टाकाव्यात तर हात होत नाही.
एकेकीच्या तोंडाला वेगळी टेप लावली,
एकमेकींना लागू नयेत म्हणून,
आणि जुडी डॅशच्या मागे सारली.

या कशाच्या? हुमैदने विचारलं.
तिकडच्या, मी म्हणालो.
त्याने मान डोलावली.
एसी कधी चालू होणार, म्हणाला.